सगळ्या वायरी लाल

माझ्या आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, गाडीतलं सगळं कळायचं. फक्त गाडीला ते मान्य नव्हतं. डावीकडचा इंडिकेटर लावला की वायपर फिरायचे आणि ब्रेक दाबला की रेडिओ बंद पडायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "जुन्या गाडीची नस ओळखावी लागते." ती नस बिघडवली होती त्यांनीच.

झालं असं, की गाडीचं मूळचं वायरिंग उंदरांनी कुरतडलं. इलेक्ट्रिशियनला बोलावणं म्हणजे आतोबांच्या लेखी नाक कापून घेणं. त्यांनी लाल वायरीचं भलंमोठं भेंडोळं आणलं आणि अख्खी गाडी त्या एका रंगात विणून काढली. हेडलाइटची वायर लाल, हॉर्नची लाल, स्टार्टरचीही लाल. आत्या म्हणाली, "निदान चिठ्ठ्या तरी चिकटवा."

"चिठ्ठ्या विसरभोळ्यांना लागतात," आतोबा म्हणाले.

मग दर सुट्टीला तोच खेळ. आतोबा डॅशबोर्डखाली उताणे, पाय दाराबाहेर, आणि आत्या टॉर्च धरून वाकलेली. "टॉर्च नीट धर! लक्ष कुठंय तुझं?" तिचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असायचं. ते उतू गेलं की त्यावरूनही तिलाच बोलणी. मला त्या माणसाचा राग यायचा, आणि अजूनही येतो.

पुढे आतोबा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, एकदा तर घराकडे वळायची गल्ली. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? अशातच एका सकाळी किल्ली फिरवली तरी गाडी मुकीच. इलेक्ट्रिशियन आला, आत डोकावला आणि हत्यारं पिशवीत परत घालत म्हणाला, "काका, ह्यात मी हात घालणार नाही."

आतेभावानं तडक भंगारवाल्याला फोन लावला आणि आतोबांना बजावलं, "बाबा, संध्याकाळपर्यंत चालू झाली तर राहील. नाहीतर तो घेऊन जाईल."

आतोबा वायरींसमोर बसले. एक उचलली, सोडली. दुसरी उचलली. मग हात थांबले आणि त्यांचा चेहरा असा काही कोरा झाला, की चेष्टा करायला टपून बसलेल्या मलाही मान वळवावी लागली.

"अगं," ते हळूच म्हणाले, "ही कुठली?"

आत्या चष्मा लावून वाकली. "हॉर्नची. तिच्यामागची स्टार्टरची, ती बघा, सांध्यातून निसटलीय. तो सांधा तुम्ही रागारागात मारला होता. तेव्हाच म्हटलं होतं मी."

"तुला कसं माहीत?"

"इतकी वर्षं टॉर्च कोण धरत होतं? सरका."

तिनं टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि पक्कड घेऊन आत शिरली. उजेड भरकटत गाडीच्या छतावर गेला.

"टॉर्च नीट धरा! लक्ष कुठंय तुमचं?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. आतोबांनी टॉर्च दोन्ही हातांनी धरला.

"इथंच आहे गं," ते म्हणाले. "आहे तोवर."

आत्याचे हात थांबले. मग तिनं सांधा घट्ट पिळला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली, "फिरवा किल्ली."

गाडी चालू झाली. वायपरही फिरायला लागले. ते कुणी लावलेच नव्हते.