भाऊचं घर, माझ्या म्हशी

मी एखाद्याचं घर राखायला घेतलं, की त्यात म्हशी राहायला येतात.

माझा मोठा भाऊ फौजेत. आमगावजवळच्या आमच्या गावात माझ्या घरासमोरच त्याचं घर. चावी देताना एवढंच म्हणाला होता, "आईच्या फोटोपुढं रोज दिवा लावजो. बाकी काही नोको करू." पहिल्याच पावसाळ्यात मी तिथे धानाची पोती ठेवली (ओल लागू नये म्हणून!). मग ओसरीवर म्हशींचं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आलं. तणस तिथे आणि म्हशी इथे, हे काही बरं दिसेना. दिवा मात्र रोज लावला. म्हशींची उजेडाची सोय झाली.

भाऊ कायमचा परत यायचा होता रविवारी. आला शुक्रवारी दुपारी, थेट माझ्याच घरी! बायकोने भाऊच्या, म्हणजे तिच्या भासऱ्यांच्या, पायांवर पाणी घातलं आणि मला डोळ्यांनीच आत बोलावलं. ठरलं असं, की तिने मागच्या दाराने भाऊचं घर रिकामं करायचं आणि मी दोन तास भाऊला गुंतवून ठेवायचं. मी टीव्हीवर हिंदीत बोलणारा एक जुना विलायती सिनेमा लावला. चित्रात टोपी, घोडा आणि बंदूक होती. फौजी माणसाला आणखी काय लागतं?

भाऊला भेटायला आलेले शेजारीही बसले. सिनेमातला शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार, लढाईवरून गावी परततो आणि पाहतो तर काय, ज्याच्या भरवशावर घर सोडलं, त्यानेच आत आपले घोडे बांधलेले! मी रिमोट शोधू लागलो. तो भाऊच्या मांडीखाली होता.

"भाऊ, दुसरा लावू का? हा बोर हाय."

"राहू दे. चांगला चालून राहिला."

शेजाऱ्यांना एकाएकी खोकला आला. तेवढ्यात समोरून हंबरण्याचा आवाज आला.

"माह्या घरात म्हैस कायले ओरडून राहिली रे?" भाऊने विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. तो उठून गेला, मी मागोमाग. बायको केसांत तणस घेऊन पोती ओढत होती. भाऊने कोनाड्यातला आईचा फोटो काढला, त्यावर उडालेलं शेण रुमालाने पुसलं. मला लाज वाटली. अजूनही वाटते.

"दिवस बुडायच्या आत म्हशी काढ," एवढंच तो बोलला.

सिनेमातला बदमाश निदान घोड्यावर बसून पळाला असेल. मी दोन दावी ओढत निघालो आणि अर्धा सिनेमा सोडून शेजारी मला पाहायला बाहेर आले. रस्त्याच्या मध्यावर दोन्ही म्हशी वळल्या, मला फरफटत परत घेऊन आल्या आणि भाऊच्या दारात त्याचीच वाट अडवून उभ्या राहिल्या. त्यांच्या मते पाहुणा भाऊच होता. हे वळण त्यांना मीच लावलं होतं!