तात्या उठले नाहीत तो रविवार

उजव्या हाताचा तळवा छातीसमोर धरायचा, डोळे मिटायचे आणि हळू आवाजात म्हणायचं, "हलायचं नाय. जो जिथं आहे, तो तिथंच." एवढं तात्यांनी केलं की आमच्या मजल्यावरची माणसं पुतळे होऊन बसायची. कुणाचा घास हातात, कुणाची वेणी अर्धी. तिकडे मैदानात आपल्या फलंदाजांची जोडी जमली आहे, आणि ती का, तर इकडे रेडिओपाशी आपण असे असे बसलो आहोत म्हणून. कुणी हललं की विकेट गेली. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. आमच्याकडे तो समोरच्याच दारात होता.

विक्रोळीला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहायचो आम्ही. तात्या मूळचे मालवणकडचे, कारखान्यात लेथ मशीनवर. मी नुकती तिशी गाठलेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. दिवसभर पोरांना प्रत्येक गोष्टीमागचं कारण विचारायला शिकवायचे आणि घरी येऊन तात्यांच्या तळव्यासमोर श्वास धरून बसायचे. एकदा स्टोव्हवर दूध वर येत होतं, मी शेजारीच उभी, आणि नेमका समोरच्या दारातून तात्यांचा हात वर. मी देशासाठी दूध उतू जाऊ दिलं. नवऱ्याला कोरा चहा दिला तेव्हा माझी मान काय ताठ होती. आता आठवलं की त्या बाईच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते. पण कान माझाच, म्हणून सोडून देते.

विश्वचषक जिंकला त्या वर्षी वसाहतीने तात्यांना खांद्यावर घेतलं होतं. फायनलभर ते मांडी न मोडता बसले होते, पायाला अशा मुंग्या आल्या होत्या की खांद्यावर घेण्यावाचून इलाजही नव्हता.

मग थंडीत, फायनलला आपण हरवलेली तीच वेस्ट इंडीजची टीम इकडे कसोट्या खेळायला आली आणि आपली वाट लागली. तसं हरणं आम्हाला नवीन नव्हतं. पण गावभर पेढे वाटल्यावर मुलाने पुढच्याच परीक्षेत नापास व्हावं, तशी लाज वाटायची. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने टीमचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. पानवाल्याकडे कुणी "किती झाले?" विचारेना; "किती उरले?" विचारायचे. काही जण तर आपल्याला पहिल्यापासून हॉकीच आवडते म्हणू लागले.

तात्या मात्र चौकशी करायचे. खेळ संपला की दारोदार फिरून, कोण कधी हललं ते विचारायचे. राग नाही, आरडाओरडा नाही, नुसतं बघायचे. पलीकडच्या काकूंनी एकदा कबूल केलं की त्यांना शिंक आली होती. तात्या म्हणाले, "शिंकेला काय करणार." पण पुढचे काही दिवस त्या काकूंच्या नमस्काराला नुसती मान हलायची.

आता त्या रविवाराचं सांगते.

तात्यांची मुलगी सुमन कुर्ल्याला एका ऑफिसात टायपिस्ट होती. तिथलाच एक मुलगा, मुलुंडचा. दोघांचं मनातून ठरलेलं. घरच्यांनी एकदा पाहून होकार द्यायचा एवढंच बाकी. मला हे ठाऊक होतं, कारण सुमन मला वहिनी म्हणायची आणि जिन्यात गाठून सगळं सांगायची. मुलाचे वडील मानपानाला फार जपतात, हेही तिनेच सांगितलेलं. म्हणून आदल्या दिवशी तिने माझ्यासमोर तात्यांना विनवलं, "तात्या, ते दारात आले की उठून उभे राहा. बाकी काही नको मला."

"म्हणजे काय गो," तात्या म्हणाले, "मी काय बसून राहणार?"

रविवारी सकाळी आपली शेवटची बरी जोडी खेळत होती. ती टिकली तर सामना वाचणार होता. ट्रान्झिस्टर बंद ठेवायचं ठरलं होतं; तात्यांनी तो हळू करून खुर्चीच्या उशीमागे सरकवला होता. खिडकीशी खुर्ची, एका पायावर दुसरा पाय, दोन्ही हात गुडघ्यावर. खेळ सुरू झाल्यापासून ते तसेच होते. काकी, म्हणजे तात्यांची बायको, आतून ओरडून थकल्या. मी पोह्यांवर खोबरं घालायला गेले होते.

पाहुणे आले. मुलाचे वडील पुढे, हात जोडलेले. पाठीमागे आई, मग मुलगा. तात्या उठले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. माणूस उठायला निघाला होता, नाही असं नाही. पण उठला नाही. उलट तो तळवा छातीसमोर आला.

जोडलेले हात तसेच ठेवून मुलाचे वडील उंबऱ्यावर थांबले. त्यांना वाटलं, हा काहीतरी घरचा रिवाज असावा.

आणि मी? मी पोह्यांचा ट्रे धरून दारात थिजले. मागे नवी साडी नेसलेली सुमन. ती पुटपुटली, "वहिनी, चला ना."

मी, विज्ञानाची शिक्षिका, मान न वळवता म्हणाले, "थांब गं, ओव्हर संपू दे."

सुमनने माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. ती मला वळसा घालून बाहेर गेली, खुर्चीसमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "तात्या."

तात्या उठले. ते पुरते सरळ व्हायच्या आत उशीमागे स्टेडियमभर ओरडा झाला. विकेट गेली होती. तात्या खुर्चीकडे बघत, सगळ्यांदेखत, पोरीला म्हणाले, "तरी सांगत होतो, उठवू नको."

मुलाच्या वडिलांनी हात खाली घेतले. "आमचंच चुकलं," ते शांतपणे म्हणाले, "मॅचच्या वेळी आलो." ती माणसं टेकलीसुद्धा नाहीत. जिना उतरताना मुलाने मागे वळून पाहिलं, पण सुमन ट्रेकडे बघत होती.

चहाच्या वेळेपर्यंत उरलेलेही बाद झाले. डावाने हरलो. वसाहतीत एकही रेडिओ वाजत नव्हता. तात्या ट्रान्झिस्टर घेऊन माझ्या दारात आले, आत या म्हटलं तरी येईनात.

"हा तुझ्याकडे ठेव, बाय." मग कठड्याकडे बघत म्हणाले, "ते अकरा जण निदान मैदानात तरी उतरले. मला माझ्या दारात उभं राहता आलं नाय."

दुसऱ्या दिवशी ते मुलुंडला निघाले, आणि गुन्ह्यात भागीदार म्हणून मलाही घेतलं. मुलाच्या वडिलांनी कोरड्या आवाजात बसा म्हटलं. तात्या चपला काढून दाराशीच उभे राहिले. माझी बसायची हिंमत झाली नाही. तात्यांनी आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हलण्याचं, जोडीचं, उशीमागच्या ट्रान्झिस्टरचंही. ऐकणाऱ्याला वेड वाटावं असं ते सगळं, सोमवारच्या उजेडात, परक्या घरात. माझे कान तापले होते. दर वाक्याला वाटे, यात माझंही नाव येईल. तात्यांनी ते घेतलं नाही.

मुलाची आई म्हणाली, "बसा हो, पाय दुखतील."

"बसायचं ते काल बसून घेतलं, वहिनी."

 मुलाचे वडीलच खुर्चीतून उठले. "तुम्ही उभे, मग मी कसा बसू?" चहा आला तो आम्ही सगळे उभ्यानेच प्यायलो. त्या घरातला तो पहिला चहा मला अजून आठवतो. साखर फार होती.

लग्न झालं. लग्नात तात्या दिवसभर बसले नाहीत. जेवायच्या पंगतीतही नाही. हातात श्रीखंडाचं पातेलं घेऊन वाढत फिरत होते. ट्रान्झिस्टर त्यांनी परत मागितला नाही. जिन्यात भेटलो तर "किती झाले?" विचारायचे, पण थांबायचे नाहीत, उत्तर त्यांच्या पाठीला द्यावं लागे. आणि कुणीही घरात येवो, गॅसवाला असो की जावई, तात्या आधी उभे. सुमन म्हणायची, "तात्या, पुरे आता." ते ऐकत नसत.

अखेरच्या आजारात मी भेटायला गेले तेव्हा खाट खिडकीशी होती, खुर्चीच्या जागी. मी दारात दिसताच त्यांनी उठायला कोपरावर जोर दिला. उशीवरून मान उचलेना, तरी धडपड चालूच. सुमन धावली. मला ते बघवेना.

मी उंबऱ्यावरच थांबले. उजवा तळवा छातीसमोर धरला, डोळे मिटले. म्हटलं, "हलायचं नाय. जो जिथं आहे, तो तिथंच."

डोळे उघडले तेव्हा त्यांनी मान उशीवर टेकली होती आणि ते हसत होते. सुमन पाणी आणायला निघाली, तर तात्यांचा तळवा पांघरुणाबाहेर आला, जेमतेम वर झाला. सुमन थांबली. आम्ही दोघी जिथं होतो तिथं उभ्या राहिलो, त्यांचा हात खाली येईपर्यंत.