गुलाबी फरशीची खोली

सरकारी दवाखान्यात औषध संपतं, कापूस संपतो, उन्हाळ्यात पाणीसुद्धा संपतं. किस्से तेवढे संपत नाहीत. त्यांची मागणी कुणी वर पाठवलेली नसते, तरी ते वेळेवर पोचतात. मी इथला फार्मासिस्ट. माझ्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीला हात जाईल एवढं भोक. त्या भोकातून गोळ्या बाहेर जातात आणि किस्से आत येतात. दुपारी सामसूम झाली की मी डोळे मिटतो आणि एकेक किस्सा आठवत बसतो. आमचे ॲम्ब्युलन्सवाले रहीमभाई याला 'भाऊ झोपले' म्हणतात, तो भाग वेगळा.

आमचा दवाखाना अचलपूरकडून चिखलदऱ्याच्या डोंगराकडे निघालं की लागतो. पुढे संत्र्याच्या बागा, मागे निळा सातपुडा. मागं ती मोठी साथ आली, तेव्हा आजारी माणसांना इथंच आणून ठेवायचे. बरीच माणसं चालत घरी गेली. काहींना इथून मोठ्या दवाखान्यात हलवलं, ती परत आली नाहीत. साथ ओसरल्यावर सरकारनं ठरवलं, की आरोग्य व्यवस्था नव्यानं उभी करायची. आणि खरंच केली हो! भिंतींना रंग लागला, नवे पलंग आले, ऑक्सिजनची यंत्रं आली, बाळंतपणाच्या खोलीला गुलाबी फरशी बसली. डॉक्टर मॅडम तर थेट पुण्याहून आल्या. सगळं आलं, फक्त माणसं येईनात. साध्या खोकल्यालाही लोक परतवाड्याची एसटी पकडायचे.

यात जीव टांगणीला लागला होता तो सुनंदाताईंचा. ताई आमच्या सिस्टर. माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं, पण नोकरीची सगळी वर्षं इथंच गेली. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. साथीपासून मात्र त्या खोलीत एकही बाळंतपण झालं नव्हतं. वरून तोंडी निरोप आला होता, की खोली अशीच रिकामी राहिली तर सामान दुसरीकडे हलवू आणि सिस्टरलाही. ताईंनी आपला नेम चालूच ठेवला. रोज सकाळी गुलाबी फरशी पुसायच्या, बाळाला ऊब देणारं वॉर्मर लावायच्या, त्याखाली हात धरून उभ्या राहायच्या आणि बंद करायच्या. मला ते बघवत नसे.

*

लोकांना सगळ्यात जास्त धास्ती होती ती रहीमभाईंच्या गाडीची. गाडी गल्लीत शिरली की दारं लागायची. रहीमभाईंनी सायरन बंद केला, तरी दारं लागायची. अचलपूरचा हा राजा माणूस, बिर्याणी केली तर आधी शेजाऱ्यांना वाढणारा. त्याला पाहून बायका पोरं आत ओढून घेऊ लागल्या, तसा तो खंगत चालला.

मग एक दिवस त्यानं बाजारातून पितळी घंटा आणली आणि गाडीच्या आरशाला बांधली. कुल्फीवाल्याची असते तशी. आता गाडी गावात शिरली, की टिणटिण टिणटिण करत पोरं मागे धावायची. पोरांच्या मागे आया, आयांच्या मागे आज्या. कुल्फी नाही म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं उतरायची, पण दारं तरी उघडी राहायची. मॅडमनी त्याच घंटेवर पोरांच्या राहिलेल्या लसी उरकून घेतल्या.

चार दिवसांनी खरा कुल्फीवाला दवाखान्यात आला. सायकल फाटकाला टेकवली आणि मॅडमपुढे उभा राहिला. म्हणाला, "बाई, माही घंटा वाजली का पोट्टे आता दंडाले हात लावून पयतेत. मी सायरन घेऊ का?"

*

साथीनं एक शब्द कायमचा बाद केला. पॉझिटिव्ह.

झेंडूची शेती करणारा देविदास एकदा रक्तगटाच्या शिबिरात गेला. चिठ्ठी मिळाली, ती त्यानं पोराकडून वाचून घेतली. ओ पॉझिटिव्ह! तो घरात शिरलाच नाही. कांबळं खांद्यावर टाकून थेट शेतात गेला आणि मचाणावर राहू लागला. बायको बांधावर भाकर ठेवून यायची, लांबून रडायची आणि घरी जायची. सगळीकडे झेंडू फुललेला आणि वर हा एकटा. दिसायला दृश्य मोठं देखणं होतं, असं रहीमभाई सांगतात.

कळल्यावर मॅडम स्वतः गेल्या. त्यानं मचाणावरून हात जोडले आणि जवळ येऊ नका म्हणून विनवलं. मॅडमनी खालूनच परोपरीनं समजावलं, की हा आजार नव्हे. पण पुण्याची स्वच्छ वाणी, त्यात वारा. शेवटी त्यांनी ओरडून सांगितलं, की अहो, तुमचं रक्तच पॉझिटिव्ह आहे, जन्मापासून आहे आणि मरेपर्यंत तसंच राहणार.

देविदासनं कांबळं अंगाभोवती घट्ट ओढून घेतलं. म्हणाला, "मंग तं माह्या बायकोले सांगा, भाकर रोजचीच लागन."

*

मॅडमची आणि आमच्या बोलीची अशीच झटापट चालायची. आम्ही वऱ्हाडातली माणसं. आमच्याकडे पाऊस पडत नाही, 'पडून राहते'. पोरगं रडत नाही, 'रडून राहते'. चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. मॅडमच्या कानाला मात्र 'राहिलं' म्हणजे थांबलं.

एक म्हातारी कशीबशी फाटक ओलांडून आली. एवढ्या दिवसांनी आलेली पेशंट, आम्ही सगळे दारात उभे. म्हातारी म्हणाली, डोकं दुखून राहिलं. मॅडम म्हणाल्या, वा, छान. म्हातारीनं सांगितलं, कंबरही दुखून राहिली. मॅडमना आणखीच आनंद झाला. पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, की असंच चालू द्या, काही लागलं तर या.

म्हातारी माझ्या जाळीपाशी आली. मी घाईघाईनं गोळ्या दिल्या आणि मॅडमना अर्थ सांगायला उठलो. तर ती मला थांबवून हळूच म्हणाली, "डाक्टरीन सोभावानं लय गोड हाय रे भाऊ. पण तिले आपलं दुखनं आवडते."

*

माघात संत्र्याला बहर आला की आमच्याकडे कामं हळू होतात. बागांचा वास जाळीतून आत येतो, स्टेथोस्कोपला येतो, मलमपट्टीलासुद्धा येतो. त्या वर्षी बहर बेताचाच होता, बागवाले चिंतेत होते, पण वासानं काही कमी केलं नव्हतं. ऑक्सिजनचं यंत्र तपासणीसाठी चालू केलं, की त्याची एकसुरी घरघर सुरू व्हायची. समोर डोंगर कधी निळा, कधी नुसताच धूर. अशा वेळी आपण जागे आहोत की नाही, याची खात्री माझी मलाच नसे.

अशाच एका दुपारी ताईंनी आम्हाला त्यांचं स्वप्न सांगितलं. गुलाबी खोलीची फरशी वाढत वाढत बाहेर आली, रस्ता ओलांडून बागांत शिरली, आणि तिच्यावर त्यांच्या हातची सगळी पोरं रांगत होती. त्यातली काही आता मिशांची झाली आहेत, तीसुद्धा रांगत होती. ताई एकेकाला उचलायच्या, तर ते वजनाला अगदी हलकं लागायचं. सांगता सांगता त्यांचे डोळे भरले. मलाही गलबलून आलं. मी विचारलं, की ताई, आम्ही कोणी होतो का त्या स्वप्नात?

ताईंनी पदरानं डोळे पुसले. "होते ना भाऊ. तुमी तिथंही झोपूनच होते."

*

आणि मग त्या खोलीत पहिलं बाळंतपण झालं. मांजरीचं.

धुतलेल्या कापडांच्या कपाटात ती कधी शिरली, कोण जाणे. सकाळी ताई वॉर्मर लावायला गेल्या, तर आतून चूंचूं ऐकू आलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. जंतू, नियम, तपासणी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मांजरीची रवानगी माझ्या औषधांच्या खोलीत रिकाम्या खोक्यात झाली आणि गुलाबी फरशी दोनदा फिनाईलनं धुतली गेली.

पण बातमी गावात पसरली. मांजर पिल्लांसाठी सात घरं धुंडाळते म्हणतात, आणि हिनं नेमका दवाखाना धरला! बायका पिल्लं बघायला येऊ लागल्या. आल्यासरशी गुलाबी खोलीच्या दारात थबकायच्या, फरशीवर पायाचा अंगठा फिरवून पाहायच्या. ताई त्यांना वॉर्मरखाली हात धरायला लावायच्या. साथीनंतर पहिल्यांदाच त्या खोलीत बायकांचं हसू ऐकलं मी. ताई तेव्हा पाठ करून उभ्या होत्या.

मॅडमनी गमतीनं विचारलं, की आता याची नोंद काय करायची? रहीमभाई दाढी कुरवाळत म्हणाले, "लिखो मॅडम, बाळंतीण सुखरूप. बाप फरार."

*

आता वैशालीचं सांगतो.

वैशालीचे वडील म्हणजे आमचे आबा. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं. माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची वाडी करायचे आणि दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घ्यायचे. दंडारीत बायकांची कामं पुरुषच करतात, पण आबांनी लुगडं नेसून कमरेवर हात ठेवला, की पंचक्रोशीतल्या बाया चालणं शिकायला यायच्या, असं लोक सांगतात. मिशी त्यांनी जन्मभर ठेवली नाही. साथीत ते आमच्याकडे आले, दम वाढला तेव्हा रहीमभाईंच्या गाडीतून पुढं गेले. परत आले नाहीत. वैशालीला तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

तेव्हापासून ती आमच्या फाटकावरून जाताना मान फिरवायची. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तेव्हा ताई तिला तपासायला घरी जायच्या. ती तपासून घ्यायची, पण बोलायची नाही. दवाखान्याचं नाव काढलं की उठून आत जायची. ताई परत येऊन हात धुवायच्या. ही आली नाही, तर गावातली दुसरी कोणी येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही.

एके दुपारी रहीमभाई गाडी धूत होते. मी जाळीपाशी नेहमीप्रमाणे अर्धा जागा. बहराचा वास असा दाटलेला की सगळं पाण्याखालून दिसावं. पाहतो तर फाटकात वैशाली. एका हातानं आईला धरलेलं, दुसरा हात कमरेवर. कळा सुरू झालेल्या. मला वाटलं, स्वप्नच आहे.

ती रहीमभाईंपुढे येऊन थांबली. कळ ओसरू दिली. मग म्हणाली, "भाऊ, माह्या आबाले इथूनच नेलं होतं ना तुमी?"

रहीमभाईंच्या हातातून पाण्याचा पाइप गळून पडला. त्यांनी मान हलवली.

"मंग आता इथूनच आना त्याईले."

ताई धावत आल्या आणि तिला आत घेऊन गेल्या. दार लागलं. वैशालीची आई पायरीवर बसली. रहीमभाई ओल्या अंगणात तसेच उभे, पाइपमधून पाणी वाहतंय, त्यांना भान नाही. मॅडमचा आवाज येत होता, ताईंचा येत होता, मग एकदम कोणाचाच येईना. मी आयुष्यात देवाला फारसा त्रास दिलेला नाही, त्या वेळी दिला.

आणि रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, जिवंत. रहीमभाईंनी ओंजळीत तोंड लपवलं.

थोड्या वेळानं आम्हाला आत बोलावलं. बाळ वॉर्मरखाली, फडक्यात गुंडाळलेलं. ताई त्याला उचलून वैशालीकडे नेत होत्या, पण त्यांचं पाऊल रेंगाळत होतं. ती काय मागून आत आली होती, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. ताई तिच्या उशाशी वाकल्या आणि चोरट्यासारख्या म्हणाल्या, "वैशाली, पोरगी हाय माय."

वैशालीनं हात पुढे केले. बाळाला छातीवर घेतलं, फडकं तोंडावरून बाजूला सारलं आणि कितीतरी वेळ त्या इवल्या चेहऱ्याकडे नुसती पाहत राहिली.

मग म्हणाली, "काहून आबा, अजून बाईचंच सोंग?"