डॉक्टरांवर चिडलेला रोमन

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन माणसं येरझाऱ्या घालत होती. एक मी, व्हिसामुळे नोकरी करता न येणारी. दुसरे बाबा, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले आणि दुसऱ्याच आठवड्यात वैतागलेले. बर्फामुळे त्यांचं फिरणं बंद. मन कुठेतरी गुंतावं म्हणून मी कम्युनिटी कॉलेजात प्राचीन औषधी वनस्पतींवरचा कोर्स घेतला होता. त्यातला दोन हजार वर्षांपूर्वीचा एक रोमन लेखक बाबांना फार आवडला.

जगात दिसेल ते लिहून ठेवणारा गृहस्थ. कोबी, कांदा, मोहरी, कशाने काय बरं होतं, सगळं. आणि डॉक्टरांवर भारी राग. हे आपल्या जिवावर शिकतात, अशी तक्रार. मी इंग्रजीतलं वाचून मराठीत सांगायची आणि बाबा मांडी थोपटायचे. "हा आपला माणूस," म्हणायचे. डॉक्टरकडे जायचं तर त्यांचा आधीच उल्हास, त्यात हा फाल्गुन मास.

एका दुपारी जेवता जेवता बाबा थांबले. हात छातीवर, कपाळावर घाम. नवरा ऑफिसात होता. मी फोन उचलला.

"ठेव तो," बाबा म्हणाले. "ॲसिडिटी आहे, ओवा दे. जावयाच्या घरी येऊन त्याला खर्चात पाडायचं नाही मला. ॲम्ब्युलन्स आली तरी मी चढणार नाही. तुझा तो रोमन काय म्हणतो?"

मला संताप आला. बाबांचा, त्या रोमनाचा, आणि त्याला घरात आणलं म्हणून माझा स्वतःचाही.

"तो कसा मेला ते सांगितलं नाही मी तुम्हाला," मी म्हणाले. "ज्वालामुखी फुटला तेव्हा लोकांना सोडवायला जहाज घेऊन गेला. घाबरू नका, काही होत नाही, असं सगळ्यांना सांगत तिथेच जेवला, झोपला. दम तर त्याला आधीपासून लागायचा. किनाऱ्यावर धुरात खाली कोसळला, तो उठलाच नाही."

"बरोबर कोणी नव्हतं?"

"होते. ते पळाले. त्याचा भाचा खाडीच्या पलीकडच्या काठावर होता. मामा येईल म्हणून वाट बघत बसला. मला तसं बसवू नका, बाबा."

बाबांनी छातीवरचा हात आणखी दाबला. ओठ पांढरे पडले होते. मग त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"लाव फोन," म्हणाले.