बसायला जागा

मोरव्यातलं आमचं कौलारू घर पाडून बिल्डिंग झाली तेव्हा तिन्ही भावांना एकेक फ्लॅट मिळाला, एकावर एक. सासूबाईंच्या म्हातारपणाचा सगळ्यांनी इतका विचार केला, की विचारू नका. लिफ्ट, कमोड, बाथरूममध्ये धरायला दांडा. नकाशा काढणाऱ्या साहेबांनी तो दांडा कौतुकाने दाखवलाही. स्वयंपाकघर मात्र उभ्याने राबणाऱ्या एकट्या बाईच्या मापाचं. आणि आमच्या सासूबाई जन्मभर बसून राबलेल्या.

जुन्या घरात मागच्या पडवीत विळीवर बसून त्या साऱ्या घराची मासळी कापायच्या. जी कापणार तीच वाटणार, हा आमच्याकडचा रिवाज. डोकं कोणाला, गाबोळी कोणाला, त्याच ठरवायच्या. आम्हा तिघी जावांची भांडणंही तिथेच मिटायची, कारण रुसलेलीच्या ताटात त्या मुद्दाम मोठा तुकडा टाकायच्या. मला बरेचदा मिळालाय.

नव्या घरात पहिल्या रविवारी त्या ओट्याशी विळी घेऊन बसल्या, तर फ्रिज उघडेना आणि मला पलीकडे जाता येईना. मी बाथरूम सुचवलं तर म्हणाल्या, “संडासात मासली कापू?” मग विळी उचलून त्यांनी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ठाण मांडलं. जावा आपापले टोप घेऊन आल्या. घटकाभर आमचं घर पुन्हा एक झालं, आणि मला वेडीला वाटलं, जमेल.

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ बाहेर आले. माणूस सभ्य, पक्का शाकाहारी. “माँजी, बुरा मत मानना, यहाँ मत काटो. हमसे सहा नहीं जाता.” त्यांचं तरी काय चुकलं? त्यांचं दार जिन्यातच उघडतं. राग आला तो त्या नकाशावाल्याचा.

“मंग मी कुटं बसू?” सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

“आये, कशाला करतेस आता? बाजारातून कापूनच आणू. तू आराम कर.”

तेव्हापासून मासळी कापूनच येते, तीन घरांत तीन पिशव्या. जावा जिन्यात दिसल्या तर दिसल्या. रुसवे आहेत तसेच राहतात. विळी पलंगाखाली लुगड्यात गुंडाळलेली आहे. यात काही बदलेल असं मला वाटत नाही. बांधलेल्या भिंती कोण सरकवणार?

सासूबाई झोपतात आमच्याकडे, जेवण तिन्ही घरांतून पाळीने येतं. परवा मी ताट पुढे ठेवलं. त्यांनी विचारलं, “आज कोणाच्या घरचं हाय?”

“आपल्याच,” मी म्हटलं.

“आपल्या म्हंजे कोणाच्या?”

“माझ्या,” मी म्हटलं, तेव्हा कुठे त्या जेवायला लागल्या.