पिशवीतला कप

पत्रक कसं लिहायचं हे मला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं गेलं. तीन गोष्टी हव्यात: अन्याय कोणी केला, आपल्याला काय हवंय आणि ते कोणाकडे मागायचंय. चौथी सुचली तर खोडायची. सात वर्षं मी हेच करतेय. म्हणूनच बहुधा त्या एका कपाचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

मी घरकामगार बायकांच्या संघटनेत पूर्णवेळ काम करते. पूर्णवेळ म्हणजे दिवसभर दुचाकीवर. सकाळी कर्वेनगर, दुपारी धायरी, आणि महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेर, तालुक्याच्या गावांना. आमच्याकडे एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मोडला की वरिष्ठ बोलतात. ज्या घरात जाल तिथे चहा घ्यायचा. नको म्हणायचं नाही. आपण भेटायला आलोय, तपासणीला नाही.

त्यामुळे दिवसाला दहा-बारा चहा. दौऱ्यावर असलं की स्टँडवर वडापाव, बैठकीत पोहे, पोह्यांवर परत चहा आणि चहाबरोबर खारी. हे सगळं मी समतेसाठी खाल्लं.

मागच्या हिवाळ्यात सारखी तहान लागायला लागली. कर्वेनगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "चहा किती होतो?"

"दहा. कधी बारा."

"साखर?"

"ज्यांचं घर, ते घालतील तेवढी."

"आणि काम काय करता आपण?"

"चळवळीत आहे."

"चहाच्याच का?"

हे विचारताना ते हसलेसुद्धा नाहीत. साखर काठावर आहे, तीन महिन्यांत खाली आणा, नाहीतर गोळ्या सुरू करू, म्हणाले. माझ्या वडिलांच्या उजव्या पायाला तीनच बोटं उरली आहेत, त्यामुळे पुढचं मला समजावून सांगावं लागलं नाही.

मला राग आला. कोणाचा, ते नीट ठरेना. साखर कारखान्यांवर काढून पाहिला, वडेवाल्यावर काढून पाहिला. सगळ्यात जास्त आला तो डॉक्टरांनी हातात दिलेल्या छापील कागदाचा. वेळेवर जेवा, रोज व्यायाम करा, ताण घेऊ नका. ज्याला रोज एकाच पत्त्यावर जेवण मिळतं, त्याच्यासाठी लिहिलेलं पत्रक होतं ते. तरी पाळलं. मुक्कामाच्या खोलीत जुने फ्लेक्स अंथरून सूर्यनमस्कार घातले. नाक बरोबर 'आमच्या मागण्या'वर टेकायचं. धायरीत गाडी फाट्यावर लावून आत चालत जायला लागले. डब्यात मोडाची मटकी आणि ज्वारीची भाकरी. चहावर उपाय म्हणून थर्मासमध्ये आल्याचा बिनसाखरेचा चहा, आणि सोबत माझा स्टीलचा कप. समोर चहा आला की म्हणायचं, "माझा आहे माझ्याकडे, बसू एकत्र." ही युक्ती मला फार आवडली होती. नकारही नाही आणि सोबतही झाली.

आता त्याच महिन्यात आमची मोहीम कशावर चालली होती, ते सांगते. वेगळ्या कपावर.

पुण्यात अजूनही कितीतरी घरांत कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा असतो. कान तुटलेला, कडेचा टवका उडालेला, सिंकशेजारी खिडकीत पालथा घातलेला. आमच्या नारायण पेठेतल्या घरातही होता, निळ्या फुलांचा. लहानपणी मला वाटायचं, कामाला येणाऱ्या बाईंना तो आवडतो म्हणून दुसरं कोणी घेत नाही. तर पत्रक मीच लिहिलं. रविवारी नारायण पेठेतच सभा ठेवली, घरमालकांनाही बोलावलं. त्यांच्यासमोर स्वतःचं सांगायला एकच बाई तयार झाल्या, धायरीच्या. काम जाऊ शकतं हे माहीत असून. त्या आल्या नसत्या, तर व्यासपीठावर फक्त आम्ही उरलो असतो, त्या कपातून कधीच न प्यायलेले.

सगळी घरं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून आम्ही मुद्दाम ताई म्हणतो. त्या मला मॅडम म्हणायच्या, नको सांगूनही.

बुधवारी भाषणाची तयारी करायला त्यांच्याकडे गेले. एकच खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली नीट घडी घातलेली अंथरुणं. त्यांनी चहा केला आणि माझ्यासमोर ठेवला, बशीसकट, सेटमधल्या कपात. मी पिशवीतून थर्मास काढला, कप काढला.

"ताई, माझा आहे माझ्याकडे. बसू एकत्र."

त्या माझ्या कपाकडे बघत राहिल्या. मी चहा ओतला, घोट घेतला आणि वही उघडून विचारलं, "तर पहिल्यांदा वेगळा कप दिला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"आत्ता वाटलं तसंच," त्या म्हणाल्या.

मी ते लिहून घेतलं. खरोखर लिहून घेतलं, आणि मगच पेन थांबलं.

"ताई, तसं नाही हो. मला साखर निघालीय."

"निघंना का. समद्यांचं कायतरी असतंच की, मॅडम. मी कामाला जाते त्या बंगल्यातल्या बाईला इन्फेक्शनची भीती हाय."

समोरचा चहा त्यांनी उचलला, मोरीत ओतला आणि कप विसळून ठेवला. "रविवारचं बघते," म्हणाल्या. फाट्यापर्यंत मी चालत आले. मोबाइलने आजचं चालणं पूर्ण झाल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "एक चहा घेतला असतास तर मेली असतीस का?"

"एकानं नाही. बारांनी."

"मग बाकीचे अकरा सोड की."

कोणाच्या घरचे अकरा? ही यादी कोण करणार? मीच? यावर ते म्हणाले, तू फार विचार करतेस. त्यांना स्वतःला दोन गोळ्या चालू आहेत.

रविवारी त्या आल्या. माझ्याकडे न बघता थेट पुढच्या रांगेत बसल्या. त्यांचं नाव पुकारल्यावर उठल्या, माइक हातात घेतला आणि बंगल्यातल्या कपाचं सांगितलं. नऊ वर्षं एकच कप, भेगेतून बोटावर गळायचा. मग माझ्याकडे बोट केलं.

"ह्या पोरीच्या पिशवीतबी एक कप हाय. माझ्या घरात तिनं काढला. तिला साखर हाय म्हणते. असंल. पण मग आधी सांगायचं की."

सभागृह हसलं. घरमालक जरा जास्तच मोकळे होऊन हसले. त्यातले एक काका उठून म्हणाले, "म्हणजे बघा, प्रत्येक वेळी जातीचंच असतं असं नाही. काही कारण असू शकतं."

"मग सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडंबी असंल एखादा कप. काय कारण हाय?"

काका बसले. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण बोट अजून माझ्याकडेच होतं.

सभेनंतर चहा आला, कागदी कपात, सगळ्यांना सारखा, भरपूर गोड. त्या माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"किती चालतो?"

"डॉक्टर म्हणतात, अजिबात नाही."

"मी डॉक्टरला न्हाई विचारलं."

"अर्धा."

त्यांनी माझ्या कपातला अर्धा आपल्या कपात ओतून घेतला. ताई, रागावलात का, असं मी विचारलं. "चहा पी, गार व्हतोय," एवढंच म्हणाल्या. सोमवारी बंगल्यातून त्यांना फोन आला की येऊ नका. हे त्यांनी मला गुरुवारी सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

आता मी दारातच सांगते, चपला काढायच्या आधी: मला साखर आहे, अर्धाच द्या, बिनसाखरेचा. काही घरी तसा मिळतो. काही घरी मी बोलायच्या आत उकळलेला असतो, तो घेते. काही घरी घेत नाही आणि फाट्यापर्यंत चालताना त्यांची तोंडं आठवत राहतात. रिपोर्ट थोडा खाली आलाय, पुरेसा नाही.

यावर एक पत्रक लिहायला घेतलंय. काय हवंय ते सुचतं: ताईंना काम हवंय, मला पायाची दहा बोटं हवीत. कोणाकडे मागायचं तिथे अडते. अन्याय कोणी केला तिथे बंगला लिहिते, मग खाली स्वतःचं नाव लिहिते, मग खोडते. स्टीलचा कप वापरत नाही. टाकवतही नाही. खोलीत सिंकशेजारी खिडकीत पालथा ठेवलाय.