गायरानाचा ठराव पुन्हा मांडा

इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमात मी तीन वर्षं काम केलं. त्याआधी परभणीत एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले होते आणि कुठंतरी लांब निघून जावं, एवढंच सारखं वाटायचं. एजंटानं कागदपत्रं केली, मी गेले.

तिथं माझ्याकडं ज्या बाई सांभाळायला दिल्या होत्या, त्या ऐंशीच्या पुढच्या. शाळेत इतिहास शिकवलेल्या, आता चाकाच्या खुर्चीत. सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारायचे. माझ्या तोंडून ते निघेना, मी मॅडम म्हणायची. त्या वैतागायच्या. म्हणायच्या, "शाळा सोडून वीस वर्षं झाली मला. आता पुरे."

त्यांना एकच ध्यास होता. पाच वर्षांतून एकदा मत टाकायचं आणि मग गप्प बसायचं, ही पद्धत बदलली पाहिजे. पुरेशा लोकांनी सह्या केल्या, की सरकारला तो प्रश्न देशभर मतदानाला टाकावाच लागला पाहिजे. वरच्या सभागृहात न निवडलेले लोक बसतात, ते बंद झालं पाहिजे. पक्षाला मतं मिळतात एका मापानं आणि जागा मिळतात दुसऱ्याच मापानं, तेही. शनिवारी त्या मला खुर्ची ढकलायला लावायच्या आणि आम्ही दारोदार पत्रकं वाटत, सह्या गोळा करत फिरायचो. दार उघडणारे थोडे, सही करणारे त्याहून थोडे. एकानं पत्रक न वाचताच परत दिलं आणि हवा खराब आहे, घरी जा म्हणाला. मी भारताची नागरिक असूनही, भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून तिथं मला मत देता येतं, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

एकदा चढावर दम खायला थांबलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या खेड्यात कसं असतं?"

मी जरा ऐटीतच सांगितलं. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. गावाचे ठराव तिथं सगळ्यांसमोर होतात.

त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "म्हणजे आम्ही जे मागतोय, ते तुमच्याकडं आहेच की. तू शेवटची कधी गेली होतीस?"

मी एकदाही गेले नव्हते. ते कबूल करताना माझे कान तापले. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही.

पुढं बाबा पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि मी नोकरी सोडून परत आले. आमचं गाव परभणी जिल्ह्यातल्या बोरीहून थोडं आत आहे. घरी बाबा आणि दादाचं कुटुंब. दादा ग्रामपंचायतीचा सदस्य. जानेवारीतल्या झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती, मी मुद्दाम गेले. शाळेच्या पटांगणात मोजकी माणसं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. ग्रामसेवकानं घड्याळ बघितलं आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली.

आठ-दहा दिवसांनी पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला. मी भाकरीचं पीठ मळत होते.

"ताई, एक सही करा."

"कशावर?"

"हजेरीवर. तहकूब सभा झाली ना काल."

"मला कुणी सांगितलं न्हाई. मी आलेच नव्हते तर हजेरी कसली?"

"तहकूब सभेला कोरम लागत न्हाई, ताई. पर सह्या असल्या की बरं दिसतं."

मी हात धुतले आणि रजिस्टर मागं उलटून बघितलं. गावाचं गायरान सोलर कंपनीला द्यायचा ठराव होता. सर्वानुमते मंजूर. सभेला किती जण होते म्हणून विचारलं तर शिपाई म्हणाला, सात-आठ. त्या गायरानावर साठेक घरांच्या शेळ्या चरतात. त्यातली निम्मी घरं ऊसतोडीची. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी सही केली नाही.

दादा जेवायला आला तेव्हा मी विषय काढला. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "सगळीकडं असंच चालतंय. अन् तू तीन वर्सं बाहेर राहिलीस, म्हणून आता आमाला शिकवायलीस का?"

"तुझी सही हाय त्या ठरावाखाली."

"हाय. दिवसा लाइट मिळणार हाय गावाला. वाईट काय हाय त्यात?"

 चांगलं असेल तर लोकांना विचारायला काय हरकत होती, एवढंच मी म्हणाले. पुढं दोन दिवस आम्ही बोललो नाही. मी घरात टिकत नव्हते. बाबांना औषध द्यायचं, की चप्पल घालून बाहेर. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, पायाला चाकं लागल्यात का तुमच्या?"

शेवटी एक अर्ज लिहिला. ठराव मे महिन्याच्या ग्रामसभेत पुन्हा मांडा, तोडीची माणसं परत आल्यावर, आणि मतदान गुप्त घ्या. घरोघर फिरून सह्या घेतल्या. इथं दारं उघडी असायची, चहा मिळायचा, पण सही म्हटलं की माणूस उठून बैलाला पाणी दाखवायला जायचा.

आमच्या गावची एक टोळी त्या वर्षी गंगाखेडच्या बाजूला तोडीला होती. एसटीनं परभणी, तिथून गंगाखेड, मग ऊस भरायला निघालेल्या एका रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून उसाच्या फडात पोचले. उसाच्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, कोप्या म्हणतात त्यांना, आमच्याच गल्लीतली एक बाई कोयत्याला धार लावत होती. माझ्याबरोबर शाळेत होती, तिची चौथीतच शाळा सुटली.

तिनं मला बघून कोयता खाली ठेवला. "बाबा बरं हायत न्हवं?"

"बरं हायत. मी कागद घेऊन आलेय."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या लांब आलाव, ते एका सहीसाठी?"

"तुमाला न विचारता ठराव केलाय."

"आमाला कवा विचारलं व्हतं?" ती हसली. पण सही केली, आणि टोळीतल्या एकेकाला हाक मारून करायला लावली.

तो कागद तालुक्याला पंचायत समितीत दिला, पोच घेतली. सरपंच आधी रागावले. मग कशानं कोण जाणे, दादाच त्यांच्याकडं गेला आणि होऊन जाऊ द्या म्हणाला. त्यानं मला ते सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. ठराव मेच्या सभेच्या विषयांत आला.

मे महिन्यातल्या त्या सकाळी आठालाच ऊन तापलं होतं. शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका नेहमीप्रमाणं मागं भिंतीशी बसल्या होत्या, मी त्यांना पुढं बोलावलं, अर्ध्याच आल्या. मी बोलायला उभी राहिले.  गायरान गेलं तर शेळ्या कुठं न्यायच्या, पाऊलवाट बंद होईल, एकदा दिलेली जमीन आपल्या हयातीत परत येणार नाही, असं सगळं बोलले.

मग गंगाखेडच्या फडात भेटलेली ती बाई उठली. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल.

"ताई, तुमी गायरान वाचवायलाव, चांगलं हाय. पर सहा महिने आमी फडात असतोव. पोरी कोपीत वाढायल्यात. कंपनी गावच्या माणसाला राखणीला, गवत काढायला कामं देतो म्हणती. चार घरं जरी गावात राहिली, तरी मला पायजे. फक्त कामं गावालाच, अन् शेळ्यांना वाट सोडायची, हे कागदावर लिवा. तोंडी नको."

 मी खाली बसले.

वाचता न येणारे पुष्कळ, म्हणून शाळेच्या गुरुजींनी युक्ती केली होती. प्रत्येकाच्या हातात ज्वारीचा एक दाणा आणि हरभऱ्याचा एक. गायरान द्यायचं असेल तर ज्वारी घागरीत, नाही म्हणायचं तर हरभरा. उरलेला दाणा शेजारच्या टोपल्यात. वर्गाच्या दाराआड एकेकानं जायचं. दुपारपर्यंत रांग संपली नाही. बाबांना दादानं खुर्चीसकट उचलून आणलं. माझा हरभरा मी घागरीत टाकला तेव्हा तो आत पडल्याचा आवाजही आला नाही, एवढा तळाशी दाण्यांचा थर झाला होता.

चादरीवर घागर उपडी केली, तेव्हा मोजायच्या आधीच दिसत होतं. चादरीवर पसरले ते बहुतेक ज्वारीचे पांढरे दाणे. मधेमधे हरभरे.

गायरान गेलं. यावेळी खरोखर गावानं दिलं. ग्रामसेवकानं ठराव लिहिला, त्यात त्या बाईच्या दोन्ही अटी घातल्या, आणि सह्या व्हायच्या आधी मी तो मोठ्यानं वाचून दाखवायला लावला. मीही सही केली. 

घरी येताना दादा शेजारून चालत होता.  म्हणाला, "जिवाला लावून घेऊ नको."

"न्हाई घेतलं," मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

आता तिथं तारेचं कुंपण उभं राहिलंय. शेळ्यांना वाट सोडलीय, पण ठरली होती त्यापेक्षा अरुंद. कामं गावातल्या पाच जणांना लागली, त्यात ती बाई आहे. यंदा ती तोडीला गेली नाही. मागच्या ग्रामसभेत वाटेच्या रुंदीचा प्रश्न तिनंच विचारला, मला तोंड उघडावं लागलं नाही. तरी मला ते कुंपण बघवत नाही. बाबांची औषधं आणायला बोरीला जाताना तिथून जावं लागतं, आणि तेवढ्या पट्ट्यात माझी चाल आपोआप वाढते.